दोनशेच्या वर

माझी आई शेजारणींना सांगायची, आमची स्नेहल खाणीत चित्रं काढते. ऐकणाऱ्या बायकांना वाटायचं, ही पोरगी कंपनीच्या भिंतीवर ‘हेल्मेट घाला’च्या पाट्या रंगवत असेल. मी कधी दुरुस्त केलं नाही, कारण आईचं तसं चुकत नव्हतं. आकडे घ्यायचे, त्यांची रेघ काढायची आणि ती रेघ चित्राची फाइल म्हणून जतन करायची, एवढंच माझं काम. दर दहा मिनिटांनी एकेका जागेचं एक चित्र, दिवसाला एकशे चव्वेचाळीस. अर्थात हाताने नाही. प्रोग्राम लिहून ठेवला की तो काढत बसतो, आणि आपण चहा पीत बसतो.

चंद्रपूर जिल्ह्यातली आमची चिंचगव्हाणची खाण जमिनीखालची. वरची जमीन खोदून झाली, जंगल द्यायला कोणी तयार होईना, म्हणून जुन्या बंद पडलेल्या बोगद्यांत कंपनी पुन्हा उतरली. जुन्या लोकांनी छत तोलायला कोळशाचेच मोठमोठे खांब सोडले होते. आता ते खांब एकेक करून काढत मागे यायचं. खांब काढला की मागचं छत कधीतरी बसणारच. ते कधी बसणार हे आधी कळलं तर माणसं वाचतात, नाही कळलं तर नाही.

ते कळण्याची सोय माझ्या कॉलेजच्या दिवसांत झाली. खडक एकदम तुटत नाही. आधी आतल्या आत बारीक बारीक तडकतो, आणि प्रत्येक तडकण्याचा एक आवाज असतो, माणसाच्या कानाला न येणारा. छतात भोक पाडून तिथे संवेदक बसवला की तो हे आवाज मोजतो. आमच्याकडे त्याला ‘कान’ म्हणत आणि आवाजांना ‘टिचक्या’. सेकंदाला दहा-वीस टिचक्या म्हणजे छत नुसतं कुरकुरतंय. पण एका विशिष्ट लयीत त्या वाढायला लागल्या की अर्ध्यापाऊण तासात छत खाली येतं, हे जगभरच्या खाणींत पडताळून झालं होतं. अर्धा तास म्हणजे चिक्कार वेळ. तेवढ्यात माणूस डबा भरून, विडी विझवून बाहेर येऊ शकतो.

अडचण एकच होती. शंभर कानांचे आकडे इतके येत, की ते साठवायला दुसरी खाण खोदावी लागली असती. म्हणून नियम झाला: दर दहा मिनिटांच्या आकड्यांची रेघ काढा, चित्र जतन करा, त्यावर सरकारी मोहोर उमटवा, आणि आकडे पुसून टाका. कायद्याच्या दृष्टीने पुरावा म्हणजे ते चित्र. चित्रं वाचायला एक यंत्र होतं, त्याचं नाव ‘वाचक’. ते आकडे न बघता चित्रच बघे, कारण त्याला शिकवलं होतं ते पन्नास वर्षांच्या जुन्या अहवालांवर, आणि त्या अहवालांत आकडे नव्हते, फक्त आलेखांची चित्रं होती. चित्र बघून वाचक रंग सांगे: हिरवा, पिवळा, लाल. लाल झाला की पाळी बाहेर.

माझे बाबा, भाऊराव ताजणे, याच खाणीत सरदार होते. सरदार म्हणजे तलवार-घोडा नव्हे. पाळी कामाला लागण्याआधी आणि पाळी चालू असताना जो छत ठोकून बघतो तो सरदार. हातात पितळी टोपणाची काठी. छत ठोकलं आणि ‘ठण्ण’ वाजलं तर पक्कं, ‘ढब्ब’ वाजलं तर पोकळ. ठोकून झालं की खडूने तिथेच तारीख, वेळ आणि आपली सही. त्या सहीखाली माणसं निर्धास्त कामाला लागतात. बाबांची ती सवय घरापर्यंत आली होती. टरबूज, माठ, बाजेची पाटी, काहीही बोटाने ठोकल्याशिवाय ते पुढे जात नसत. माझं लग्न जमवायला एक मुलगा आला तेव्हा आई त्यांना म्हणाली होती, त्याला तेवढं ठोकू नका.

यंत्रं आली तरी काठी गेली नाही, पण मागच्या बाकावर गेली. सरदाराने ठोकायचं, मग पॅनलच्या, म्हणजे खांब काढायच्या एकेका भागाच्या, तोंडाशी लावलेल्या पडद्यावरचा रंग बघायचा, मग सही. बाबांना याचा राग आला नाही, उलट अभिमानच वाटला. खाली उतरण्याआधी डोक्यावरचे दिवे घेतात त्या दिवाघरात जो भेटेल त्याला सांगत, वरचा रंग माह्या पोरीचा हाय. त्यांचा तीस वर्षांपासूनचा दोस्त शामराव नैताम, छताला टेकू लावणारा, त्यांना चिडवायचा की आता तुमची काठी आमच्या बकरीसाठी द्या. दोघं एका डब्यात जेवत. शामरावकाकांनी मला लहानपणी खांद्यावर बसवून पोळ्याला फिरवलं होतं.

आता त्या ओळीबद्दल सांगते.

सुरुवातीला माझी चित्रं आपली उंची आपणच ठरवत. प्रोग्रामिंगच्या भाषेत ही सोय असते: आकडे मोठे आले तर आडवी-उभी मापं लांबतात, लहान आले तर आखडतात, म्हणजे रेघ कागदात नेमकी बसते. पण सुरुंग उडवला की टिचक्या पावणेदोनशेवर जात आणि त्या चित्रातली बाकीची रेघ तळाशी चेपून जाई. पुढच्या दहा मिनिटांत सगळं शांत, तर माप आखडून बारा टिचक्यांचाही डोंगर दिसे. वाचक तो डोंगर बघून पिवळा दाखवी. आठवड्यातून चार वेळा पाळी उगाच बाहेर यायची. मॅनेजर मुळेसाहेबांनी मला बोलावून समजावलं, की सगळी चित्रं एका मापाची करा, लोकांचा पडद्यावरचा विश्वास उडतोय. त्यांचं म्हणणं रास्त होतं. लांडगा आला रे आला किती दिवस चालणार? बाबासुद्धा जेवताना म्हणाले होते, तुह्या चित्रानं आम्ही वरखाली करून करून थकलो.

मी दोन वर्षांची चित्रं चाळली. सर्वांत उंच टोक एकशे सत्त्याऐंशी. म्हणून माप कायमचं बांधून टाकलं: खाली शून्य, वर दोनशे. एक ओळ. खोट्या सूचना दुसऱ्या दिवसापासून बंद झाल्या. मुळेसाहेबांनी माझा प्रोग्राम कंपनीच्या बाकी अकरा खाणींत पाठवला, आणि बाबांनी दिवाघरात चहा पाजला.

त्या भाषेत माप बांधायच्या दोन रीती आहेत. एका रीतीत रेघ मापाच्या वर गेली तर ती चौकटीच्या काठाला जाऊन भिडते, आणि बघणाऱ्याला कळतं की ही वर गेली. दुसऱ्या रीतीत मापाबाहेरचे आकडे रेघ काढण्याआधीच टाकून दिले जातात, कसली सूचना न देता. तिथे रेघच नसते, कोरी जागा असते. दोन्ही ओळी दिसायला जवळजवळ सारख्या. मी दुसरी लिहिली. मला फरक माहीत नव्हता असं नाही, कॉलेजच्या पहिल्या वर्षी याच प्रश्नावर माझे मार्क गेले होते. पण दोनशेच्या वर काही जाणारच नाही असं मी धरून चालले, आणि जे होणारच नाही त्याची काळजी कोण करतो.

दोन हजार एक्केचाळीस सालच्या जानेवारीतली सतरा तारीख. सकाळची पाळी. दहा वाजून पंचवीस मिनिटांनी माझ्या टेबलावरचा, खाली बोगद्यांना जोडलेला फोन वाजला. बाबा होते, सात नंबर पॅनलमधून.

“पोरी, साताचं चित्र काय म्हणते?”

मी पडद्याकडे बघितलं. सात नंबरला हिरवा रंग होता आणि खाली बारीक अक्षरांत ओळ होती: सिग्नल नाही, दुरुस्ती सुचवली आहे. अशी ओळ रोज कुठल्या ना कुठल्या कानाखाली असायचीच, आणि तेव्हा वाचक आधीचाच रंग ठेवी. चित्र उघडून बघायला मला दोन सेकंद लागले असते. मी ते उघडलं नाही, फक्त रंग बघितला.

“हिरवं हाय, बाबा. काहून?”

“मले पोकळ वाटून राहिलं. दोन जागी ढब्ब वाजलं.”

आदल्याच दिवशी घरात त्यांच्या कानांवरून हसाहशी झाली होती. टीव्हीचा आवाज ते इतका मोठा ठेवत, की शेजारच्यांना आपल्या घरचा टीव्ही लावावाच लागत नव्हता. मी हसले.

“बाबा, आधी तुमचे कान तपासून घ्या. मशीनले नाही ऐकू येत ते तुम्हाले कसं येते?”

तेही हसले. “बरं,” म्हणाले, आणि फोन ठेवला. त्यांनी आणखी एकदा ठोकलं, खडूने तारीख, वेळ, सही केली, शामरावकाकांना काम चालू ठेवायला सांगितलं आणि आठ नंबरकडे निघाले. दहा एक्केचाळीसला सात नंबरचं छत बसलं. आत चौघं होते. शामरावकाका, आणि तीन पोरं, त्यातला कोणीही तिशीचा नव्हता. चौथ्याला काढायला दोन दिवस लागले. बाबा तिथून हलले नाहीत.

चौकशी समिती बसली. पुरावा म्हणून सात नंबरची चार चित्रं होती: पहिल्यात अर्धी रेघ आणि मग कोरं, पुढच्या तिन्हीत नुसती चौकट. वाचकाने ‘सिग्नल नाही’ म्हटलं होतं, तेव्हा समितीने अर्थ लावला की कानाची केबल निघाली होती. पाळीच्या सुरुवातीला केबलचे जोड तपासणं हे सरदाराचं काम. बाबांची तीन तास उलटतपासणी झाली. ठोकल्यावर काय ऐकू आलं, या प्रश्नाला त्यांनी सांगितलं, काही नाही, पक्कं वाजलं. मला केलेल्या फोनबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. खालचे फोन नोंदवले जात नाहीत, त्यामुळे कोणी विचारलंही नाही. मी मागच्या खुर्चीवर बसले होते. मीही बोलले नाही, आणि याची लाज मला अजून वाटते.

समितीने त्यांचे कान तपासायला लावले. डावा कान अर्ध्याहून अधिक गेलेला निघाला, उजवा जेमतेम शाबूत. त्यांना निलंबित केलं, आणि चौघांच्या मृत्यूला हयगय कारणीभूत म्हणून खटला होणार असं ठरलं. आई हादरली. बाबा मात्र ते कानाचं कागदपत्र हातात आल्यापासून थोडे शांत झाले. आठवड्याने ते एकटे शामरावकाकांच्या घरी गेले आणि यमुनाकाकूंच्या पायांशी बसून म्हणाले, वहिनी, माहे कान गेले होते, मले समजलंच नाही. काकू खूप रडल्या आणि शेवटी त्यांनी बाबांना पाणी दिलं. त्या दिवसापासून बाबा पुन्हा दोन घास जेवायला लागले.

काठी दाराच्या मागे उभी होती. आमच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत कोपऱ्यात छताच्या गिलाव्याला फुगा आला होता, आणि तो डोक्यावर पडेल म्हणून आई वर्षभर कुरकुरत होती. तिने एकदा मुद्दाम त्यांना म्हटलं, जरा ठोकून बघा. तेवढंच मन रमेल, असा तिचा हिशेब. बाबांनी काठी हातातसुद्धा घेतली नाही. म्हणाले, मले आता काही समजत नाही, पोट्टं आणून ठोकवून घे.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात समितीने अहवालाला जोडण्यासाठी त्या चार चित्रांच्या मोठ्या प्रती मागितल्या. तोवर मी ती उघडली नव्हती. धीर होत नव्हता. दुपारी तीनच्या सुमारास पहिलं चित्र पडद्यावर मोठं केलं. रेघ अठ्ठावीसवर चालली होती. दहा वाजून सहा मिनिटांनी ती उभी उठली, शंभर, एकशे साठ, आणि तिथून पुढे काहीच नाही.

करडा पट्टाही नाही.

केबल निघाली, बॅटरी संपली, काहीही होऊन कान बंद पडला, तर माझा प्रोग्राम त्या वेळेपुरता करडा पट्टा काढतो. ती सोय मीच केली होती, सुरुवातीच्याच महिन्यात. वाचकाला करडा पट्टा आणि कोरी जागा यांतला फरक कोणी शिकवला नव्हता. समितीला माहीत असण्याचं कारण नव्हतं. जगात तो फरक एकटीला माहीत होता, आणि ती एकटी त्या दिवशी रंग बघून हसत होती.

तरी मी चाचणी घेतली. खोटे आकडे तयार केले, तीनशे, पाचशे, आठशे, आणि त्यांचं चित्र जतन केलं. फाइल उघडली. स्वच्छ चौकट, आत काही नाही. सात नंबरच्या चित्राशेजारी ठेवली तर दोन्हीत तसूभर फरक नव्हता. केबल शाबूत होती. कान पस्तीस मिनिटं ओरडत होता, आणि तो जितका जोरात ओरडत होता तितकं माझं चित्र कोरं निघत होतं.

मी मुळेसाहेबांकडे गेले. त्यांनी दार लावून घेतलं, नीट ऐकलं, चष्मा पुसला. मग म्हणाले, हे तुमच्या-माझ्यात राहिलं तर बरं. खरे आकडे पुसले गेलेत, सिद्ध काय करणार? वडिलांचं वय बघून कोर्ट नरमाईनेच घेईल. तुमचं आयुष्य अजून जायचं आहे. माणूस वाईट नव्हता. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, आणि ऐकताना माझ्या मनाने एक क्षण होही म्हटलं.

पण बाकी अकरा खाणी होत्या. आत्ता या घडीला तिथल्या छतांखाली माणसं होती, आणि त्यांच्या चित्रांची चौकट दोनशेवर बांधलेली होती. ती ओळ बदलायची तर बदलाची नोंद होणार, नोंद झाली की कोणीतरी विचारणार. मी खुर्चीत परत येऊन ओळ बदलली. सगळीकडे पाठवली. मग समितीला पत्र लिहिलं: ओळ कोणती, कोणी लिहिली, कोरी जागा म्हणजे काय, चाचणीचं चित्र सोबत. आणि फोनवरचं सगळं बोलणं, माझ्या हसण्यासकट. पत्र गेल्यावर मला खरं सांगायचं तर हलकं वाटलं. माझं काय व्हायचं ते होवो, बाबा सुटले. केबलचा आरोप त्यांच्यावरून गेला. ही बातमी त्यांना मीच देणार, या विचाराने मी जवळजवळ पळतच घरी आले. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली वाढून मला एवढंही कळू नये.

बाबा बाजेवर बसले होते. मी कागदावर छापलेलं ते पहिलं चित्र त्यांच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. सावकाश, उजव्या कानाशी, दोनदा. केबल निघाली नव्हती. तुमची काही चूक नव्हती. चूक माझ्या ओळीची.

मला वाटलं होतं ते रडतील, किंवा माझ्यावर चिडतील. त्यांनी चित्र जवळ घेतलं. रेघ जिथे संपली होती तिथे बोट टेकवलं.

“मंग इथं काय होतं?”

“टिचक्या होत्या, बाबा. दोनशेच्या वर गेल्या म्हणून दिसत नाहीत.”

“किती वर?”

“ते आता सांगता येत नाही. आकडे पुसले.”

त्यांचं बोट कोऱ्या जागेवरून हळूहळू वर सरकलं, चौकट ओलांडली, कागद ओलांडला आणि हवेत थांबलं.

“म्हणजे दहा पंचवीसले छत वाजून राहिलं होतं,” ते म्हणाले. “आन् मले ढब्ब ऐकू आलं, ते खरंच आलं.”

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की मी काय आणून दिलं आहे. महिनाभर ते ज्या आधारावर उभे होते तो गेलेला कान होता. माणसाला ऐकूच आलं नाही तर तो काय करणार? यमुनाकाकूंनी त्यावरच त्यांना पाणी दिलं होतं. कोर्टातून मी त्यांना सोडवलं होतं, आणि त्याच हाताने सांगितलं होतं, की तुम्ही ऐकलं होतं, आणि ऐकूनही सही केली. मी काहीतरी बोलू लागले, की चूक माझी, तुम्ही विचारलं होतं, मीच हसले. त्यांनी हाताने मला थांबवलं.

“तू हिरवं म्हटलं,” ते म्हणाले. “पण खडू माह्या हातात होता.”

ते उठले. दारामागची काठी घेतली. खोलीच्या मधोमध उभं राहून त्यांनी छत ठोकलं. ठण्ण. दोन पावलं सरकून पुन्हा. ठण्ण. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिला वाटलं, बरं झालं, काठी हातात घेतली. ती हसलीसुद्धा.

मग ते कोपऱ्यात गेले, फुगलेल्या गिलाव्याखाली, आणि उजवा नाही, डावा कान वर करून ठोकलं.

ढब्ब.

“येते,” बाबा म्हणाले. “मले ऐकू येते.”

आणि त्याच जागी पुन्हा ठोकलं, आणि पुन्हा, गिलाव्याची माती त्यांच्या डोक्यावर पडत होती तरी ते बाजूला झाले नाहीत.